मुक्कामी गाडी

उभा जन्म एसटीचं स्टेअरिंग धरलेल्या माणसाच्या दारात एखादी गाडी अडून उभी राहिली, तर त्याला अन्न गोड लागत नाही. मग ती डिझेलची असो, नाहीतर मोबाईलसारखी वायर लावून ठेवायची असो. माझ्या लेकीची, राजेश्वरीची गाडी ही अशी वायरीची. तिनं आणि आमच्या जावईबापूंनी, कल्याणरावांनी, दिवाळीच्या तोंडावर पुण्यात घेतली. पांढरीशुभ्र, आणि आवाज म्हणून नाही. पहिल्यांदा दारात आली तेव्हा आमच्या कुत्र्यालासुद्धा कळलं नाही. ते उशिरा जागं झालं, भुंकावं की नको याचा जरा विचार केला आणि शेपूट हलवून मोकळं झालं.

आमचं गाव नगरहून जामखेडच्या अंगाला, चिचोंडीच्या पुढं आत वळून. पुण्याहून इथवर गाडी एका दमात येते, पण परत जायला तिच्या पोटात काही उरत नाही. नगरला पुणे रोडवर एका हॉटेलपाशी भराभर चार्जिंग करणारी यंत्रं आहेत, पण तिथं रांग. म्हणून राजीनं डिकीतून एक काळा डबा आणि लांबलचक वायर काढली, ओट्यावरच्या प्लगला एक्स्टेन्शन बोर्ड लावला आणि गाडीला वीज पाजायला सुरुवात केली. संध्याकाळी गाडीतल्या पडद्यावर बघून आली आणि म्हणाली, "अण्णा, लई हळू घेतीय इथं. उद्या दुपारपर्यंत काय निघता यायचं न्हाई."

माझी बायको विजयमाला "अगं बाई" म्हणाली, वाईट वाटल्यासारखं तोंड केलं आणि आत जाऊन लगेच पुरणासाठी डाळ निवडायला घेतली. बाईमाणसाचं तोंड एक सांगतं आणि हात दुसरं सांगतात.

तिचंही खरंच होतं. आधीची पेट्रोलची गाडी होती तेव्हा राजी यायची ती निघायच्या बेतानंच. गाडीचं तोंड रस्त्याकडे करून लावायची. चहा व्हायचा, आईच्या गुडघ्याची चौकशी व्हायची, भाजीपाल्याची पिशवी डिकीत जायची आणि "वाघोलीला ट्रॅफिक लागायच्या आत निघते" म्हणून पोरगी चालती व्हायची. तिला नावं ठेवायला मला जागा नाही. नोकरी आहे, पोराचे, म्हणजे आमच्या पार्थचे क्लास आहेत, सासूबाईंची औषधं आहेत. पण ती गेल्यावर ओट्यावर चहाचे कप तसेच पडलेले असायचे, आणि विजयमाला ते बराच वेळ उचलायची नाही.

गाडी चार्ज होईना म्हणून राजी राहिली, आणि त्या संध्याकाळी मला आमच्या मुक्कामी गाडीची आठवण झाली. आता गावातल्या पोरांना मुक्कामी म्हणजे काय ते सांगावं लागतं. दिवस मावळल्यावर नगरची शेवटची एसटी गावात यायची आणि पारापाशी रात्रभर थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे, त्यांची भाकरी गावातली घरं पाळीनं पाठवायची, आणि उजाडता उजाडता तीच गाडी नगरला निघायची. मी स्वतः जामखेड, कर्जत, पाथर्डीकडे अशा किती गाड्यांवर मुक्काम काढले. उन्हाळ्यात टपावर अंथरूण टाकायचं. कोणत्या गावची भाकरी पातळ आणि कोणत्या गावची चटणी जहाल, हे मला अजून झोपेतून उठवून विचारा.

मुक्कामी गाडीचा मोठा गुण असा, की तिच्यातून उतरलेल्या पाहुण्याला परत जायची सोयच नसायची. "चहा घेतो आणि निघतो" म्हणायला तोंड होतं, पण गाडी नव्हती. मग गोधड्या निघायच्या, पिठलं रटरटायचं आणि माणसं बोलायची. चहापुरत्या आलेल्या माणसाशी तुम्ही पाऊसपाणी बोलता. मुक्कामाला आलेला माणूस अंथरुणावर पडल्यावर, दिवा मालवल्यावर, मनातलं बोलतो. माझी बहीण झुंबरबाई सासरहून याच गाडीनं यायची. तिचं काही बिनसलं असेल तर ते तिच्या तोंडावर कधी दिसायचं नाही. आई आणि ती शेजारी शेजारी निजायच्या आणि अंधारात त्यांची कुजबूज चालायची. सकाळी पहिल्या गाडीला झुंबर निघायची तेव्हा तिचा चेहरा आंघोळ केल्यासारखा झालेला असायचा.

राजी याच सकाळच्या गाडीनं नगरला कॉलेजला जायची. वेणी घालायला उशीर झाला की कंडक्टर घंटीची दोरी हातात धरून थांबायचा आणि अख्खी गाडी आमच्या दाराकडे बघत बसायची. पुढे घरोघर मोटारसायकली आल्या, एसटीला माणसं मिळेनात. मुक्कामी बंद झाली ती कुणाला कळलीसुद्धा नाही. मी तेव्हा रिटायर झालेलो होतो. अर्ज घेऊन डेपोत जावं असं एकदा मनात आलं, पण गावातून सोबत यायला कुणी तयार होईना.

असो. तर चार्जिंग होईना म्हणून राजी राहिली. दुसऱ्या खेपेला आली ती हुरड्याच्या दिवसांत, आणि तेव्हाही गाडीचं रडगाणं तेच. सकाळी ती शेतात आगटीपाशी बसून हुरडा खाऊन आली आणि मग ओट्यावर उन्हात पाय सोडून बसली. हातात मोबाईल नाही, काही नाही. नुसती बसली. विजयमाला तिच्या केसांना तेल लावत होती. मी गुरांना पाणी दाखवून आलो तरी ती तशीच. मला ते बघून इतकं बरं वाटलं, की मी उगाचच अंगण झाडायला घेतलं.

तेवढ्यात कल्याणरावांचा फोन आला. त्यांचा स्वभाव सरळ आहे, आवाज मात्र मोठा, त्यामुळे फोन राजीच्या कानाला असला तरी मला सगळं ऐकू येत होतं. ते म्हणत होते, "दर वेळी तिथं दुसरा दिवस मोडतो गं. पुढच्या वेळी असं कर, जाताना नगरलाच तासभर थांबून भरून घे आणि संध्याकाळी परत फिर. नाहीतर आई-अण्णांनाच इकडं घेऊन येत जाऊ." राजी "बघू" म्हणाली आणि फोन ठेवला. काही वेळ ती गाडीकडे बघत राहिली.

जावयाचं चुकलं म्हणावं तर तसं काही नव्हतं, त्यानंच मला जास्त त्रास झाला. पोरगी नगरला गाडी भरून आली की पुन्हा तेच, चहा आणि वाघोली. मग मी ड्रायव्हरच्या डोक्यानं हिशोब मांडला. गाडी इथं रात्रभरात भरली, तर पहाटे सुटून राजी वेळेत पुण्याला पोचेल. कल्याणरावांचा दिवस मोडणार नाही आणि आमची रात्र शाबूत राहील. मुक्कामीचं तेच तर होतं, रात्र गावाची आणि दिवस नगरचा. आता फक्त ही गाडी का अडते तेवढं शोधायचं होतं.

मी सहादेवला बोलावलं. सहादेव आमच्या गावचा वायरमन, सरकारी नव्हे, खाजगी. जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरतो, फिटिंग करतो, आणि काम करताना अखंड बोलतो. त्यानं आधी ओट्यावरच्या प्लगवर हात ठेवला, मग तो प्लग उघडला. आतलं प्लास्टिक काळं पडलं होतं.

"अण्णा, ह्यो प्लग टीव्हीचा, आन् ह्याच्यावर तुमी मोटार पाजताय. वायर बगा, सुतळीवानी. एसटीच्या टाकीत सलाईनच्या नळीनं डिझल भरल्यागत झालंय ह्ये."

"मग जाड वायर वढ."

"वढतो की. पर आदी अर्थिंग दावा. राजीताईचा त्यो डबा मधीच लाल लाईट दावून थांबत हुता म्हनला न्हव का. त्याला अर्थिंग गावत नसंल."

अर्थिंग मी अभिमानानं दाखवलं, कारण ते मी स्वतः बांधलं होतं. मीटरपासून तांब्याची तार आणून न्हाणीजवळच्या नळाच्या पाइपाला गच्च गुंडाळलेली. सहादेव खाली बसला, पाइपावर नखानं टिचकी मारली आणि हसायलाच लागला. झालं होतं असं, की नवी पाणीयोजना आली तेव्हा जुना लोखंडी पाइप उपटून प्लास्टिकचा घातला गेला, आणि मी मोठ्या काळजीनं तीच तार नव्या पाइपाला परत बांधून ठेवली होती. प्लास्टिकमधून वीज जमिनीत कशी जाणार? सहादेव म्हणाला, गावातल्या निम्म्या घरांनी हेच केलंय. त्यानं मला थोडा धीर आला, पण विजयमालेनं ती गोष्ट पुढं आठवडाभर ज्याला त्याला सांगितली.

मग आम्ही घरामागं माणूसभर खड्डा घेतला, त्यात पट्टी उभी केली, भोवती मीठ आणि कोळसा भरला. सहादेवनं बजावलं, की रोज एक बादली पाणी ओतायचं, कोरडं अर्थिंग आणि उपाशी बैल कामाचे नाहीत. मीटरपासून ओट्यापर्यंत जाड वायर आली, पंधरा अँपियरचा नवा प्लग आला, खांबावरचा ढिला जोड महावितरणच्या माणसाकडून आवळून घेतला.

राहिलं व्होल्टेज. आमचं घर शिवेला, त्यामुळे आमची वीज शेतीपंपांच्याच डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून येते. रब्बीचे दिवस, आणि प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला. ऑटो म्हणजे असं, की लाईट आली रे आली की मोटार आपोआप चालू, मालक घरी झोपलेला असला तरी. एकट्यादुकट्यानं बसवला तर सोयीचा, पण इथं झाडून सगळ्यांनी बसवलेला. लाईट येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात, डीपी कण्हते आणि घरातला पंखा मोजून फेऱ्या मारतो. यावर सहादेवचा उपाय सोपा होता. पंपांच्या विजेची पाळी आठवड्याला बदलते, कधी दिवसा, कधी रात्री; ती दिवसाची असेल तेव्हा गाडी संध्याकाळी लावायची. मोटारी बंद झाल्या की पठ्ठ्याचा टेस्टर दोनशे तीस दाखवायचा. मी दोन दिवस टेस्टर बघत बसलो. राजीला फोनवर मुद्दाम काही सांगितलं नाही, कल्याणरावांना मात्र सांगितलं. म्हटलं, "आता रात्रीत टाकी फुल्ल. पहाटं गाडी सुटंल." ते खूश झाले.

राजी आली ती शिवरात्रीच्या सुमाराला, दिवस कलता कलता. मी तिला हाताला धरून नवा प्लग दाखवला, खड्डा दाखवला, वायरीची जाडी बोटांनी दाखवली. शाळेत पहिलं आलेलं पोर जसं प्रगतिपुस्तक दाखवतं तसा मी तिच्या मागं मागं होतो. "एवढं कशाला केलंत अण्णा," ती म्हणाली. मला वाटलं होतं तेवढी ती हरखली नाही. दमली असेल, असं मी धरून चाललो. तिनं डबा खिळ्याला टांगला, धूळ नको म्हणून त्यावर कापडी पिशवी चढवली आणि आत आईजवळ जाऊन बसली. मी मात्र निजेपर्यंत तीनदा अर्थिंगला पाणी घालून आलो.

सकाळी उठल्या उठल्या गाडीचा पडदा बघितला. गाडी अर्धीसुद्धा भरली नव्हती. राजी चुलीपाशी बसली होती. थेट सहादेवला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोललो. तो बिचारा तोंडसुद्धा न धुता आला.

त्यानं प्लगवर हात ठेवला, थंड. टेस्टर लावला, दोनशे तीस. अर्थिंग बघितलं, ठणठणीत. "अण्णा, आपल्याकून काय बी खोट न्हाई. वीज दारापर्यंत आलीया, गाडीच खाईना," असं म्हणत त्यानं डब्यावरची पिशवी काढली. डब्याला एक बारीक पडदा होता आणि खाली एक बटण. सहादेवनं मान वाकडी करून वाचलं. "ह्ये बगा. ह्ये सहा अँपियरवं ठिवलंय. ह्याच्यात आठ हाय, धा हाय, सोळा हाय. कुनी तरी मुद्दाम सगळ्यात खाली लावलंय. सोळावं केलं आस्तं तर रातीच भरून मोकळी झाली आस्ती."

म्हणजे एवढंच. माणूसभर खड्डा, मीठ, कोळसा, खांबावरचा जोड, आणि गाडी अडली होती एका बटणावर. मी चष्मा लावून ते बटण शोधलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"अण्णा, राहू द्या."

राजी दारात उभी होती. हाताला पीठ होतं.

"अगं, चुकून सहावं ऱ्हायलंय ह्ये," मी म्हणालो.

"चुकून नाही." ती पुढे आली, माझं बोट बटणावरून बाजूला केलं. "पहिल्या वेळी खरंच चार्ज होत नव्हती. कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं, वायर गरम होतीय तर सहावर ठेवा. मग मी तसंच ठेवलं. हा डबा मी फक्त इथंच वापरते. पुण्यात वेगळं आहे."

"पर का गं?"

ती ओट्याच्या पायरीवर बसली. सहादेव उगाचच टेस्टर पुसायला लागला.

"मला आईकडं राहायचंय असं नुसतं म्हटलं ना अण्णा, की सगळे विचारतात, का? बरं वाटत न्हाई का? काय भांडण झालं का? सासूबाई चांगल्या हायेत, ते बी चांगले हायेत, सगळे काळजीनंच विचारतात. पण मला सांगता येत न्हाई. काय सांगू? मला सकाळी उठून नुसतं बसायचंय, म्हणून सांगू? गाडी चार्ज होत नाही म्हटलं की कुणी काही विचारत नाही. गाडीला कुणी 'का' म्हणून विचारतं का?" तिनं गाडीकडे बघितलं. "आणि खरं सांगू का, मलाच कारण लागतं. कारण नसलं की मी इथं बसूच शकत न्हाई. सारखं वाटतं, निघायला पाहिजे."

मी तिच्यासाठी पहाटेची गाडी तयार केली होती, आणि माझ्या पोरीला पहाटे निघायचंच नव्हतं. रात्र वाचवली म्हणून मी फुशारलो होतो. तिला ती रात्र तर हवी होतीच, पण त्याहून जास्त हवी होती ही उन्हाची सकाळ, जिच्यात तिला कुठं पोचायचं नव्हतं. हे मला तिच्याकडे बघून कळायला हवं होतं, पण मी वायरीकडे बघत होतो. पोर दमली होती आणि दमले असं म्हणायलासुद्धा तिला गाडीची आड लागत होती.

तिचा फोन वाजला. कल्याणराव. राजीनं पिठाचा हात दाखवला, म्हणून मीच तो उचलला.

"अण्णा, निघाली का राजेश्वरी? पहाटे सुटणार होती ना? एवढं सगळं नवीन केलंत तुम्ही."

मी राजीकडे बघितलं. ती खाली मान घालून बोटावरचं पीठ काढत होती. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही गाडी उशिरा सोडून वर खोटं कारण लिहिलं नव्हतं. डेपोत माझ्या नावाची त्यासाठी थट्टा व्हायची.

"कशाची निघतीय, कल्याणराव," मी म्हणालो. "आमच्याकडं वीज म्हंजी निस्ता खेळ झालाय. डीपीवं सगळ्या मोटारी, व्होल्टेजच न्हाई. अर्थिंग बी आजून धरत न्हाई, नवीन हाय न. अर्धी बी भरली न्हाई गाडी."

सहादेव ताडकन उभा राहिला. मी त्याला हातानं खाली बसवलं.

"अरेरे. मग किती वेळ लागेल?" कल्याणरावांनी विचारलं.

"आज तर व्हत न्हाई. उद्या सांजच्यालाच बगा. अर्ध्या वाटंत गाडी बंद पडली तर पोरीनं काय करायचं? त्यापरीस हितं ऱ्हायलेली बरी."

मग ते म्हणाले, "खरंय. राहू दे तिला. पार्थला मी सोडतो क्लासला. सावकाश येऊ दे म्हणावं."

फोन ठेवला तसा सहादेव उसळला. "अण्णा, दोनशे तीस हाय तितं. माज्या कामाला बट्टा लावला तुमी. उंद्या जावईबापू गावात आले आन् मला काय बोलले तर?"

"बोलू दे. जेवून जा तू," मी म्हणालो. "आन् जाताना त्या डब्याला पिशवी घालून जा."

राजी अजून पायरीवरच होती. मी तिच्याशेजारी बसलो. ऊन ओट्यावर आलं होतं. तिनं चपला काढल्या आणि पाय उन्हात सोडले.

"उद्या संध्याकाळी म्हणालात अण्णा?" तिनं विचारलं.

"सहावं लावलंय म्हनल्यावं तेवडा येळ लागनारच की."

ती हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. विजयमाला आतून आली, काय झालं म्हणून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी सांगितलं, काही नाही, राजी उद्यापर्यंत राहतीय. ती परत आत गेली आणि तेलाची वाटी घेऊन बाहेर आली.